कोलाहलातून संकेत : मेंदू, संगणक आणि दोन गोमंतकीय



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली पेडणे आणि डिचोली महालांतील दोन पिढ्या गणित शिकल्या. मीही त्यांचाच विद्यार्थी. पुढे आयुष्यभर गणित शिकविले आणि इतिहास केवळ आवडीने वाचला. त्यामुळे व्याख्यानासाठी विषय सुचवा असे पत्र आले तेव्हा या दोहोंच्या बांधावरचा विषय मी निवडला. मेंदूतील चेतापेशींचे विद्युत् संकेत टिपावयाचे, त्यांचा अर्थ लावावयाचा आणि हातपाय वा जीभ न हलविता संगणक किंवा यंत्राचा हात चालवावयाचा, या विद्येला आज मेंदू-संगणक जोडणी असे म्हणतात. वर्तमानपत्रांत तिच्या बातम्या येतात त्या अमेरिकेतल्या श्रीमंत कंपन्यांच्या नावाने येतात. परंतु या विद्येला दोनशे वर्षांहून अधिक इतिहास आहे आणि त्या इतिहासात दोन गोमंतकीयांची पावले उमटलेली आहेत. एकाचा पुतळा आपण पणजीला जाता-येता पाहतो. दुसऱ्याचे नाव आपण घेतो ते इतिहासकार म्हणून. त्याने गणितात काय करून ठेवले हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. माझा भर या दुसऱ्यावर राहील.

आरंभीच एक सांगून ठेवतो. जगात जे जे निघाले ते आमच्याकडे आधीच होते, असे म्हणण्याची एक खोड आपल्या सभांना लागलेली आहे. मला तसे काही सिद्ध करावयाचे नाही. या दोघांपैकी एकानेही मेंदूला तार जोडली नाही. त्यांनी जे केले तेवढेच सांगावयाचे आहे, आणि ते पुरेसे आहे.

प्रथम मेंदूचे बोलणे म्हणजे काय ते पाहू. मेलेल्या बेडकाची तंगडी विजेच्या स्पर्शाने उडते हे बोलोन्याच्या गॅल्व्हानीने १७९१ मध्ये प्रसिद्ध केले आणि मज्जातंतूंतून विद्युत् वाहते ही कल्पना रूढ झाली. पुढे इटलीच्या गॉल्जीने पेशी रंगविण्याची रीत शोधली. स्पेनच्या काहालने तीच रीत वापरून दाखविले की मेंदू हे एकसंध जाळे नसून सुट्या सुट्या पेशींचा समुदाय आहे. गंमत अशी की १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळाले आणि त्या समारंभातही गॉल्जी काहालचे म्हणणे मान्य करावयास तयार नव्हते. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८६ अब्ज पेशी आहेत, असे अलीकडील मोजणी सांगते.

या पेशी एकमेकींना काय सांगतात? केंब्रिजच्या एड्रियन यांनी १९२६ च्या सुमारास एकेका मज्जातंतूतील विद्युत्-स्पंद ऐकला. त्यांना आढळले की एका तंतूतील प्रत्येक स्पंद सारख्याच उंचीचा असतो. हाताला हलका स्पर्श झाला काय किंवा जोरात चिमटा बसला काय, स्पंद मोठा होत नाही. तो अधिक वेळा येतो. देवळातली घंटा वाजविणाऱ्याला आवाज वाढविता येत नाही, फक्त टोले दाट किंवा विरळ करता येतात, तसे हे आहे. हा स्पंद नेमका कसा उठतो, कोणते क्षार पेशीच्या पडद्यातून आत शिरतात आणि कोणते बाहेर येतात, याचे समीकरण हॉजकिन आणि हक्सली यांनी माकुलाच्या जातीच्या एका समुद्री प्राण्याच्या जाड तंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये मांडले. त्यासाठीची आकडेमोड हक्सली यांनी हाताने फिरविण्याच्या गणकयंत्रावर केली, कारण विद्यापीठाचा संगणक त्या वेळी उपलब्ध नव्हता. हाताने गणित करणे म्हणजे मागासलेपण असे आता ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हा तपशील मुद्दाम सांगितला.

दरम्यान जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर नावाचे एक एकांतप्रिय डॉक्टर माणसाच्या कवटीवर पट्ट्या लावून मेंदूच्या लहरी टिपत होते. पहिली नोंद १९२४ ची, प्रसिद्धी १९२९ ची. तोच आजचा ईईजी. या आलेखाची मर्यादा समजावी म्हणून डिचोलीचा नवा सोमवार आठवावा. रात्रभर पालखी फिरते, गायनाच्या मैफली रंगतात, दुकाने, आरोळ्या, वाद्ये यांची एकच गर्दी असते. मये गावच्या एखाद्या टेकडीवर उभे राहिले तर तिथपर्यंत एक मिसळलेला गुंजारव पोचतो. उत्सव चालू आहे, मध्यरात्री भर आहे, पहाटे ओसरला, एवढे कळते. गायक कोण, राग कोणता, हे कळत नाही. कवटीवरून घेतलेला आलेख म्हणजे टेकडीवरून ऐकलेला नवा सोमवार. याउलट मेंदूच्या आत केसाहून बारीक विद्युदग्र रोवला तर आपण गर्दीच्या मधोमध जाऊन बसतो. मग जवळची तीनचार माणसे स्पष्ट ऐकू येतात, परंतु सारी एकाच वेळी बोलत असतात आणि मागे उरलेल्या जत्रेचा कोलाहल असतोच. यातले कोणते वाक्य कोणाचे हे वेगळे करणे हाच पुढच्या साऱ्या शास्त्राचा मूळ प्रश्न आहे.

बर्गर यांच्या लहरींसंबंधी एक गोष्ट गोमंतकीय श्रोत्यांना सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७७ साली व्हॉयेजर याने अवकाशात गेली तेव्हा त्यांच्यासोबत सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी होती. तिच्यावर अ‍ॅन ड्रुयान या तरुणीच्या तासाभराच्या मेंदूलहरी दाबून मिनिटभरात बसविल्या आहेत आणि त्याच तबकडीवर फोंडे महालातील केरी गावच्या केसरबाईंची भैरवीही आहे. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले. केसरबाई १६ सप्टेंबरला निवर्तल्या.

आता पहिल्या गोमंतकीयाकडे वळतो. जुझे कुस्तोदियु द फारिया, म्हणजे आबे फारिया, १७५६ साली बार्देशातील कांदोळी येथे जन्मले. रोममध्ये धर्मशास्त्र शिकले, फ्रान्सच्या राज्यक्रांतीत सापडले आणि १८१३ मध्ये पॅरिसच्या रू द क्लिशी येथे माणसांना निद्रित करण्याचे जाहीर प्रयोग करू लागले. त्या काळी मेस्मर यांच्या मताची चलती होती. प्रयोग करणाऱ्याच्या शरीरातून एक अदृश्य चुंबकी द्रव निघतो आणि तो समोरच्याला भारून टाकतो, असे ते मत. फारियांनी ते नाकारले. त्यांचे म्हणणे असे की प्रयोगकर्त्याकडे कसलीच शक्ती नाही. जे घडते ते निद्रित होणाऱ्याच्या स्वतःच्या चित्तात, त्याच्या एकाग्रतेमुळे आणि त्याला दिलेल्या सूचनेमुळे घडते. हे विचार त्यांनी ‘स्पष्ट निद्रेचे कारण’ अशा अर्थाच्या फ्रेंच ग्रंथात मांडले. ग्रंथ १८१९ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी ते वारले.

त्यांच्याविषयीची कोकणी भाषेतली कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. लिस्बनच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहिले असता तरुण फारियांची वाचा बसली. तेव्हा मागून वडिलांनी आपल्या बोलीत हळूच सांगितले, ही सगळी भाजी आहे, कातर भाजी. आणि जीभ सुटली. कथा परंपरेने आलेली आहे, तिला तेवढेच वजन द्यावे. परंतु सूचनेच्या सामर्थ्याचे ज्याने पुढे शास्त्र केले त्याच्या नावावर नेमकी हीच कथा चिकटावी, यात लोकांची जाण दिसते. ज्या मुलखात पेडण्याच्या पुनवेला झपाटलेली माणसे आणली जातात, त्या मुलखाला कारण बाहेर शोधायचे की आत हा प्रश्न काही परका नाही. फारियांनी दोनशे वर्षांपूर्वी बोट आत दाखविले. गोव्याच्या मनोरुग्णालयाला एकेकाळी त्यांचेच नाव होते.

फारियांना विस्मृतीतून बाहेर काढले ते मात्र एका पोर्तुगीज मेंदुतज्ज्ञाने. एगास मोनिश यांनी १९२५ मध्ये संमोहनविद्येच्या इतिहासातील फारियांच्या स्थानावर पुस्तक लिहिले. पणजीतील रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला पुतळा १९४५ चा, म्हणजे त्यानंतर वीस वर्षांचा. या मोनिश यांनीच १९२७ मध्ये मेंदूतील रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र घेण्याची रीत शोधली आणि यांनीच १९३५ मध्ये मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढील भागातील तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तिच्यासाठी त्यांना १९४९ चे नोबेल मिळाले. पुढे हजारो रुग्णांवर ती शस्त्रक्रिया झाली, अनेकांच्या संमतीचा विचारही न करता, आणि त्यांतले कित्येक जन्माचे निस्तेज झाले. फारियांचा चाहता आणि तंतू छेदणारा हात एकाच माणसाचा होता, हे मला नेहमी अस्वस्थ करते. रुग्णाच्या चित्ताला कर्ता मानणाऱ्या फारियांचे चरित्र ज्याने लिहिले, त्याने दहा वर्षांनी रुग्णाच्या चित्ताला विचारलेच नाही. मेंदूला तार जोडण्याच्या आजच्या उद्योगाकडे पाहताना हा इतिहास बाजूला ठेवता येत नाही.

आता दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांचे वडील धर्मानंद हे मुरगाव महालातील साखवाळचे. बुद्धाच्या शोधात ते १८९९ मध्ये घर सोडून निघाले आणि पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप करीत अखेर अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनासाठी जाऊन पोचले. ती हकीकत त्यांच्या ‘निवेदन’ या मराठी आत्मवृत्तात आहे; शाळेने ती वरच्या वर्गांना वाचावयास द्यावी. दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातच कोसंबे येथे झाला. १९१८ मध्ये वडिलांबरोबर ते अमेरिकेला गेले, तेथील शाळेत शिकले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले.

हार्वर्डमध्ये धर्मानंदांचे एक सहकारी होते लिओ वीनर, स्लाव भाषांचे प्राध्यापक. त्यांचा मुलगा नॉर्बर्ट हा बालपणापासून अलौकिक बुद्धीचा म्हणून गाजलेला. तो दामोदरहून तेरा वर्षांनी मोठा, तरी दोघांचा स्नेह जमला. एक पाली पंडिताचा मुलगा, दुसरा स्लाव भाषा शिकविणाऱ्याचा. पुढे मेंदूच्या कोलाहलातून संकेत वेगळा काढण्यासाठी जी गणिती हत्यारे लागली त्यांतील दोन प्रमुख हत्यारे या दोन मुलांच्या नावावर आहेत. ही गोष्ट योगायोगाची आहे हे मान्य. पण इतिहासात असे योगायोग नोंदवून ठेवावेत.

वीनर यांचे हत्यार युद्धात घडले. शत्रूच्या विमानाची गती रडारवर अस्पष्ट दिसे. त्या गोंगाटातून विमान पुढच्या क्षणी कोठे असेल याचा उत्तमात उत्तम अंदाज कसा बांधावा, हे त्यांनी १९४२ च्या एका गुप्त अहवालात मांडले. अहवालाचे वेष्टन पिवळे होते आणि आतले गणित इतके कठीण की वाचणारे अभियंते त्याला भीतीने टोपणनाव देऊन मोकळे झाले. १९४८ मध्ये त्यांचा ‘सायबरनेटिक्स’ हा ग्रंथ आला. प्राणी आणि यंत्र या दोहोंत नियंत्रण आणि संदेशन यांचे नियम एकच, हा त्याचा विषय. १९६१ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी मेंदूलहरींवर स्वतंत्र प्रकरण घातले.

दामोदर त्या वेळी पुण्यात होते. काशी आणि अलीगढ येथे शिकवून ते १९३३ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले होते. १९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक निबंध छापला गेला. शीर्षकाचे मराठी करावयाचे तर ‘फलनावकाशातील संख्याशास्त्र’. पाने १३. त्याच वर्षी शिकागोत मॅककलक आणि पिट्स यांनी चेतापेशी म्हणजे होय-नाही ठरविणारी तर्काची कळ आहे, असे मानून मेंदूचे पहिले गणिती चित्र काढले. तो निबंध जगभर गाजला आणि आजच्या साऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची वंशावळ त्याच्यापर्यंत नेली जाते. पुण्याचा निबंध मात्र ऐन युद्धात छापलेल्या एका भारतीय नियतकालिकात पडून राहिला.

त्या निबंधात आहे काय? कठीण चिन्हे बाजूला ठेवून सांगण्याचा प्रयत्न करतो. पेडण्याचा पाऊस घ्या. एक जूनपासून तीस सप्टेंबरपर्यंत १२२ दिवस होतात. रोज पडलेला पाऊस आदल्या दिवसांच्या पावसात मिळवीत गेलो तर त्या वर्षाची एक चढती वक्ररेषा मिळते. पन्नास वर्षांच्या नोंदी असतील तर पन्नास रेषा. एकही दुसरीसारखी नाही. आता प्रश्न असा : या रेषांमागे काही थोडे मूळ आकार आहेत काय, की ज्यांच्या कमीअधिक मिश्रणाने प्रत्येक वर्षाची रेषा तयार व्हावी? पावसात ते आपल्याला अनुभवाने सुचतात. सरासरीहून एकूण पाऊस अधिक की उणा, हा एक आकार. मृग साधला की पाऊस आषाढात लांबला, हा दुसरा. मध्ये दीर्घ उघडीप पडली काय, हा तिसरा. कोसंबींनी दाखविले की असे आकार अंदाजाने निवडावे लागत नाहीत; ते त्या रेषांच्या परस्परसंबंधातूनच काढता येतात. ते अशा रीतीने काढता येतात की प्रत्येक आकाराचे प्रमाण इतरांच्या प्रमाणाशी गुंतलेले नसते आणि पहिल्या थोड्या आकारांतच बहुतेक सारा फरक सामावतो. म्हणजे १२२ आकड्यांनी सांगावे लागणारे वर्ष तीनचार आकड्यांत सांगता येते, आणि जे वगळले ते बहुतांशी किरकोळ असते.

आकड्यांच्या याद्यांसाठी ही कल्पना याआधी पिअरसन यांनी १९०१ मध्ये आणि हॉटेलिंग यांनी १९३३ मध्ये मांडली होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. अखंड वक्ररेषांच्या, म्हणजे काळाबरोबर डोलणाऱ्या संकेतांच्या जगात ती नेली ती कोसंबींनी. त्यानंतर फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी आपापल्या स्वतंत्र वाटेने तीच गोष्ट १९४५ ते १९४८ या काळात सिद्ध केली. जगभर प्रमेय त्या दोघांच्याच नावाने शिकविले गेले. कोसंबींचे नाव त्याच्यामागे जोडण्याची रीत अलीकडची, आणि अजूनही सर्वत्र नाही. याउलट आनुवंशशास्त्रात जनुकांचे अंतर मोजण्यासाठी त्यांनी १९४४ मध्ये दिलेले सूत्र त्यांच्याच नावाने चालू राहिले. कारण ते इंग्लंडच्या नियतकालिकात छापले गेले होते, असे मला वाटते. कोठे छापले यावर किती अवलंबून असते, पाहा.

दोष केवळ इतरांचा नव्हता. कोसंबींनी आपल्या प्रमेयाचा पाठपुरावा फारसा केला नाही. १९४५ पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, पण त्यांचे मन आहत नाण्यांच्या वजनांत गुंतले होते. हातोहात फिरताना नाणे किती झिजते हे हजारो नाणी तोलून ठरवावयाचे आणि त्यावरून तक्षशिलेच्या ठेव्याचा काळ काढावयाचा. माझ्या मते हे त्याच बुद्धीचे दुसरे रूप होते : गोंगाटाने भरलेल्या मोजमापांतून एक खरी रेषा ओढणे. तेथून ते इतिहासाकडे गेले आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा थोर ग्रंथ आला. गोव्याच्या जुन्या काबिजादीतील गावकारीवर त्यांनी लिहिले. आपले पेडणे आणि डिचोली नव्या काबिजादीतले, म्हणून त्यात येत नाहीत. पुढे रीमानच्या प्रसिद्ध कूटप्रश्नाची उकल सापडल्याचा त्यांचा दावा गणितज्ञांनी स्वीकारला नाही. त्याने त्यांच्या गणिती नावलौकिकाला धक्का बसला आणि १९६२ मध्ये संस्थेने त्यांची मुदत वाढविली नाही. २९ जून १९६६ रोजी ते गेले. तोवर कोणाही माणसाच्या मेंदूने संगणक चालविलेला नव्हता.

ते घडले टप्प्याटप्प्याने. १९६९ मध्ये सिअ‍ॅटल येथे फेट्झ यांनी एका माकडाला आपल्याच मेंदूतील एका पेशीचा वेग वाढवून मोजयंत्राचा काटा हलवावयास आणि त्याबद्दल खाऊ मिळवावयास शिकविले. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील विदाल यांनी मेंदू-संगणक जोडणी हे नाव दिले. १९८० नंतर जॉर्जोपुलोस यांनी दाखविले की हात कोणत्या दिशेला जाणार हे एक पेशी ठरवीत नाही. प्रत्येक पेशीची आवडती दिशा असते आणि साऱ्यांच्या मतांची बेरीज करून दिशा ठरते. आपल्या गावकारीतल्या सभेसारखे म्हणा. मग २००४ मध्ये मॅट नेगल या मानेखाली लुळ्या पडलेल्या अमेरिकन तरुणाच्या मेंदूत ९६ विद्युदग्रांची चकती बसविली गेली आणि त्याने मनातल्या हालचालीने पडद्यावरचा बाण हलविला, दूरचित्रवाणीचा संच चालविला. ८६ अब्ज पेशींच्या जत्रेत ९६ कान. त्याच्या संकेतांचा अर्थ लावणारी गणिती गाळणी वीनर यांच्या जातीची होती.

आणि कोसंबींचे हत्यार? विद्युदग्राच्या शेजारच्या तीनचार पेशींचे स्पंद एकात एक मिसळून येतात हे आपण पाहिले. एक स्पंद सेकंदाचा सुमारे हजारावा भाग टिकतो. सेकंदाला तीस हजार वेळा मोजले तर एका स्पंदाची वक्ररेषा तीसेक आकड्यांची होते. पावसासारखेच करावयाचे. रेषांचे मूळ आकार काढले की प्रत्येक स्पंद दोनतीन आकड्यांत उतरतो. ते आकडे कागदावर बिंदूंनी मांडले की बिंदूंचे वेगवेगळे पुंजके दिसतात. एक पुंजका म्हणजे एक पेशी. जत्रेत कोण काय बोलले ते असे वेगळे होते. ही रीत प्रयोगशाळांत इतकी नित्याची झाली की तिचा कर्ता कोण असे कोणी विचारीत नाही. पुढे स्टॅनफर्डच्या कृष्ण शेणॉय यांनी, शेणॉय हे आडनाव आपल्या कानाला परके नाही, एकेक पेशी सुटी करण्यापेक्षा शेकडो पेशींच्या एकत्रित हालचालीतील थोडे मूळ आकार शोधण्यावर भर दिला. हत्यार त्याच कुळातले, लावण्याची जागा वेगळी. शेणॉय २०२३ मध्ये अकाली वारले.

त्याच वर्षी त्यांच्या गटाने वाचा गेलेल्या एका स्त्रीचे बोलणे मिनिटाला ६२ शब्द या गतीने पडद्यावर आणले. मात्र सव्वा लाख शब्दांतून निवडताना जवळजवळ चारांतला एक शब्द चुकत असे. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातीलच दुसऱ्या एका गटाने तेवढ्याच शब्दसंग्रहावर सुमारे ९७ टक्के अचूकता गाठली, आणि बोलवीत होते ते यंत्र त्या रुग्णाच्या पूर्वीच्या आवाजात बोलले.

हे यंत्र काम कसे करते ते पाहिले की आपला प्रश्न उभा राहतो. जिभेच्या आणि ओठांच्या हालचाली योजणाऱ्या पेशींवरून ते आधी ध्वनी ओळखते. इंग्रजीचे असे ३९ ध्वनी धरले आहेत. त्या ध्वनींवरून शब्द कोणता असेल याचा अंदाज ते त्या भाषेत छापलेल्या प्रचंड मजकुराच्या आधारे करते. म्हणजे रुग्णाच्या मेंदूतून जेवढे येते त्यात भाषेचा साठा भर घालतो. मराठीत ‘जग’ हा शब्द लिहिला तर तो विश्व की जगण्याची आज्ञा हे अक्षरावरून कळत नाही. ज हा तालूवरून उच्चारला की दातांवरून, यावर ते ठरते. पेडण्याची मालवणीला लागून असलेली बोली तर आणखी वेगळी, आणि तिच्यात छापलेला मजकूर मूठभर. पक्षाघाताने वाचा गेलेला पेडण्याचा एखादा शेतकरी उद्या बांबोळीच्या रुग्णालयात अशा यंत्रासमोर बसला, तर ते त्याला कोणत्या भाषेत बोलवील? त्याने जे म्हटले नाही ते केवळ संभवनीय म्हणून त्याच्या तोंडी घालील काय? मोनिश यांच्या रुग्णांना कोणी विचारले नव्हते. येथे विचारले जाईल, पण उत्तरही यंत्राच्याच तोंडून येईल.

यावर काम आपल्याजवळही चालू होऊ शकते. पिलानीच्या तंत्रविज्ञान संस्थेचा गोव्यातील परिसर २००४ मध्ये झुआरीनगर येथे सुरू झाला. तेथे मेंदूच्या विद्युत् आलेखांवर आणि चेतापेशींच्या गणिती प्रतिकृतींवर संशोधन होते. हे झुआरीनगर साखवाळच्या हद्दीत आहे, ज्या साखवाळहून धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये निघाले होते. या शाळेचे विद्यार्थी तेथे जाऊ लागले आहेत की नाही हे मुख्याध्यापक मला सांगतील. जात असतील तर त्यांना आपल्या घरच्या बोलीचे ध्वनी मोजण्याचे काम मागून घ्यावयास सांगावे.

कोसंबींचे गणितातील निवडक निबंध रामकृष्ण रामस्वामी यांनी संपादित करून २०१६ मध्ये एका खंडात प्रसिद्ध केले आहेत. १९४३ चा तो १३ पानांचा निबंध त्यात आहे. त्या खंडाची एक प्रत मी गुरुजींच्या स्मरणार्थ शाळेच्या ग्रंथालयासाठी आणली आहे, आणि निबंधाच्या पानावर खूण घालून ठेवली आहे. पावसाच्या उदाहरणाचे गणित अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना पेलेल अशा रीतीने मांडलेली काही हस्तलिखित पाने त्याच्यासोबत जोडली आहेत. ती मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करतो.